विजापूर रोडच्या गॅरेजवाल्या चाचांना

चाचा, नमस्कार.

मी तो मंद्रूपचा. मार्चमध्ये भर रोज्यात तुम्ही माझ्या गाडीचा एक्सल बूट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या जॉईंटवरचं ग्रीस भरलेलं रबरी कव्हर, बदलून दिला होता. त्या दिवशी पैसे देऊन घाईनं निघालो, नीट आभार मानायचे राहिले. ते चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र.

ज्वारीची काढणी चालू होती, गाडीच्या रोज रानात फेऱ्या. एका संध्याकाळी डाव्या चाकाच्या रिमला आतून काळं ग्रीस उडालेलं दिसलं. तुमच्याआधी एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथं खाली वाकून मोबाईलचा उजेड मारला आणि सांगितलं, "पूर्ण एक्सल बदला, 8,500 होतील." काढणीच्या मजुरीचे पैसे होते हो ते.

तुम्ही पहिलं विचारलंत, "वळताना कटकट वाजतं का?" मी नाही म्हणालो, तरी स्टेअरिंग पूर्ण कापून गाडी गोल फिरवलीत आणि स्वतः ऐकलंत. मग फाटलेल्या बुटातलं ग्रीस दोन बोटांत चोळलंत, माझ्याही बोटाला लावलंत. "कचकच लागती का? नाही ना? मग माती आत गेली नाही. जॉईंट चांगला आहे, कशाला पैसे घालवलालाव?" तेवढ्या एका वाक्यानं माझा जीव भांड्यात पडला.

मी मधेच विचारलं, सोल्यूशन लावून चिकटवलं तर? तुम्ही रागावला नाहीत. चाक वळवून दाखवलंत: एका बाजूनं रबर ताणलं जातं, दुसऱ्या बाजूनं दुमडतं, आणि सगळं चाकाबरोबर गरगर फिरत असतं. तिथं जोड कसा टिकणार!

मग एक्सलचा शाफ्ट बाहेर काढलात. जॉईंट सोडवून आतल्या सहाही लोखंडी गोळ्या डिझेलमध्ये धुतल्यात आणि वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्यात, ज्या खाचेतली गोळी त्याच खाचेत परत जावी म्हणून. एकेक गोळी पुसून उन्हाकडे धरलीत. कुठं खड्डा नव्हता, चरा नव्हता. मीही त्यातली एक हातात घेऊन पाहिली, आरशासारखी लखलखत होती. हीच भंगारात निघाली होती चाचा!

मी म्हणत होतो धसकटानं बूट फाटला. तुम्ही जुना बूट माझ्यासमोर वाकवलात, तर प्रत्येक घडीच्या तळाशी बारीक भेगा. ऊन खाऊन रबर आधीच कडक झालं होतं, धसकट नुसतं निमित्त. दुसऱ्या बाजूचाही तसाच वाकवून पाहिलात आणि म्हणालात, "हा मऊ आहे, राहू दे."

पाकिटातलं ग्रीस सगळं आत भरेपर्यंत रोजा सोडायची वेळ जवळ आली होती. पोरगं खजूर घेऊन दोनदा हाक मारून गेलं. तरी क्लिप आवळण्याआधी बुटाच्या काठाखाली पातळ पेचकस सरकवून आतली हवा काढलीत, बूट कुठं पिळला नाही ना ते बोट फिरवून बघितलंत. ओढून क्लिप लावली असती तर मला काय कळणार होतं? एक्सलचा नट नवा घातलात, सांडलेलं गिअर ऑइल मापानं भरलंत. दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नसलेला माणूस हे करत होता, आणि मी शेजारी बसून तुमच्याच माठातलं पाणी पीत होतो. ते आठवलं की अजून गलबलून येतं.

बिल 1,150. मी वर दोनशे दिले, तुम्ही ते परत माझ्याच खिशात घातलेत.

त्यानंतर गाडीनं सगळी ज्वारी घरी आणली. आता दर महिन्याला चाकामागं वाकून बघतो, दोन्ही बूट कोरडे आहेत. येत्या रविवारी येतोय, बरोबर दोन पायली मालदांडी ज्वारी आहे, आईनं स्वतः निवडलेली. ती तरी परत करू नका.

तुमचा,
मंद्रूपचा पांढरी गाडीवाला