‘मी आवाज सांगणार आहे, करणार नाही’

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या फाटकापाशी आपली रोज दोन मिनिटे भेट होते आणि ती ‘आज डबा संपवला का’ एवढ्यातच सरते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण इतकेच, की तुम्ही माझ्या मुलासाठी जे केलेत ते करता येते, हे आमच्यासारख्या इतर घरांनाही कळावे.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहे. तो बोलतो कमी, पण ठाण्यापासून कर्जतपर्यंतची स्थानके एकही न चुकता म्हणतो. कुकरची शिट्टी झाली तरी तो कान झाकून घेतो, आणि दिवाळीचे चार दिवस आम्ही सर्व खिडक्या लावून घरात बसतो. तुमच्याकडे येण्यापूर्वी तो ज्या शाळेत होता, तेथून स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी फोन यायचा: उद्या त्याला आणू नका, लाउडस्पीकर लावणार आहोत, तो रडतो आणि बाकीची मुले बिथरतात. सलग तीन वर्षे हा फोन आला. लाउडस्पीकरचा आवाज थोडा कमी करावा, असे तिथे कुणाला सुचले नाही. इतिहास शिकवणार का, असे मी विचारले, तेव्हा ‘इतिहास शिकून काय करणार आहे तो? पणत्या रंगवतोय, रंगवू द्या,’ असे उत्तर मिळाले. पणत्या तो सुरेख रंगवतो आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु ज्या देशाच्या झेंड्याला वंदन करायला त्याला येऊ दिले जात नव्हते, त्या देशाची गोष्टही त्याची नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला, हा प्रश्न मला अजूनही बोचतो.

त्यामुळे डायरीत तुमच्या अक्षरात ‘या महिन्यात: दुसरे महायुद्ध आणि आपला देश’ असे वाचले, तेव्हा मी धास्तावले. युद्ध म्हणजे बाँब, बाँब म्हणजे आवाज. त्याला या धड्यातून वगळा, असे सांगायला मी आले होते. तुम्ही सगळे ऐकून घेतलेत आणि म्हणालात, ‘दोन दिवस बघू या, मग तुम्ही म्हणाल तसं.’

तुम्ही सुरुवात केलीत ती त्याच्या स्थानकांपासून. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर असे तो म्हणत गेला आणि उल्हासनगरवर तुम्ही त्याला थांबवलेत. युद्धाच्या काळात येथे गाव नव्हते, कल्याणजवळची लष्कराची छावणी होती. युद्ध संपले, सैनिक गेले, बराकी रिकाम्या राहिल्या. पुढे 1947 मध्ये फाळणी झाली, तेव्हा सिंधमधून घरदार सोडून आलेल्या माणसांना याच बराकींत आसरा मिळाला आणि 1949 मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. तिथली माणसे आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असे का म्हणतात, हे मला स्वतःला चाळिशी उलटल्यावर, माझ्या मुलाच्या वहीतून कळले.

मग तुम्ही वर्गाला परवानगी विचारण्याची गोष्ट सांगितलीत. तुमच्या वर्गाचा पहिला नियम आहे की विचारल्याशिवाय दुसऱ्याची वस्तू घ्यायची नाही. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरला असे जाहीर केले, तेव्हा येथील कुणा पुढाऱ्याला विचारलेही नव्हते, हे तुम्ही त्याच नियमाच्या भाषेत सांगितलेत. त्या संध्याकाळी तो घरभर फिरत ‘विचारलं नाही, विचारलं नाही’ असे म्हणत होता, आणि त्याच्या आयुष्यातल्या किती गोष्टी आम्ही मोठ्यांनी त्याला न विचारता ठरवल्या आहेत, हे आठवून मला स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभे राहावे लागले.

प्रत्येकाने घरचे रेशन कार्ड आणायचे, हाही तुमचाच निरोप. धान्य पुरेना म्हणून मुंबईत 1943 मध्ये रेशनिंग सुरू झाले आणि युद्ध संपून इतकी वर्षे झाली तरी त्या काळाची ही खूण आमच्या कपाटात आहे, हे तुम्ही तांदूळ मापून दाखवलेत. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली, हेही तुम्ही लपवले नाहीत. रिकामे ताट समोर ठेवलेत आणि थोडा वेळ काहीच बोलला नाहीत.

आता ज्या प्रसंगासाठी हे पत्र लिहायला घेतले, तो सांगते. मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाचा धडा होता आणि तुम्ही मला मागच्या बाकावर बसायला बोलावले होते. 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉक, ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज, त्यात कापसाच्या गासड्या आणि त्याच जहाजात स्फोटके. तुम्ही त्याच्या बाकाशी गेलात, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येण्यासाठी जमिनीवर गुडघे टेकलेत आणि म्हणालात, ‘आता एक मोठा आवाज येणार आहे. मी आवाज सांगणार आहे, करणार नाही.’ मग फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, त्याचा हात पोचेल अशा जागी, बारीक अक्षरांत ‘धडाम’ लिहिलेत आणि डस्टर त्याच्या हातात दिलेत. ‘नको वाटलं की पुसून टाक.’

त्याने लगेच पुसले. तुम्ही पुन्हा लिहिलेत, आणखी बारीक. त्याने पुन्हा पुसले. तुमच्या चेहऱ्यावर घाई नव्हती की हताशा नव्हती, आणि बाकीची सात मुलेही तुमच्यासारखीच शांत बसून होती. तिसऱ्यांदा मात्र त्याने डस्टर मांडीवर ठेवले, एक कान झाकला, दुसरा मोकळा सोडला, आणि आग विझवायला गेलेले 66 अग्निशमन जवान त्या दिवशी कसे मृत्युमुखी पडले, हे त्याने शेवटपर्यंत ऐकले. ‘परत आले नाहीत?’ असे त्याने विचारले. तुम्ही ‘नाही आले’ म्हणालात आणि त्यात गोड काही मिसळले नाहीत.

बाई, या मुलाला आजवर पुष्कळ लोकांनी सांभाळून घेतले आहे आणि मी त्या सर्वांची ऋणी आहे. पण सांभाळून घेताना माणसे त्याच्यासमोरून एकेक गोष्ट उचलून ठेवतात: मेले ते सांगू नका, हरले ते सांगू नका, त्याला झेपणार नाही. तुम्ही गोष्ट तिथेच ठेवलीत आणि ती पुसण्याचे साधन त्याच्या हाती दिलेत. असा विश्वास टाकायला कोणती पदवी लागते ते मला माहीत नाही. रिक्षात चढताना त्याची वाट पाहणारा रिक्षावाला, त्याचे म्हणणे पुरे होईपर्यंत चिल्लर हातात धरून उभा राहणारा आमचा वाणी, ही माणसे मला तुमच्याच जातकुळीची वाटतात, आणि अशा माणसांच्या आधारानेच आमचे घर चालले आहे.

मागच्या रविवारी आम्ही लोकलने अंबरनाथला गेलो. उल्हासनगर आल्यावर तो उठून दारापाशी आला आणि फलाटावरच्या गर्दीकडे बोट करून मला म्हणाला, ‘यांचं घर गेलं होतं.’ शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी ते ऐकले. त्यांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि त्या उतरून गेल्या.

एक राहिले. तुमचे डस्टर अजून त्याच्या दप्तरात आहे. परत करू या म्हटले की तो ‘लागेल’ म्हणतो. म्हणून या पत्रासोबत नवे डस्टर पाठवत आहे, कृपया स्वीकारावे.

तुमच्या वर्गातील एका मुलाची आई,
कळवा, ठाणे