उपशीर्षककारांची सहकारी संस्था: कायदा आहे, काम हवे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

चित्रपट, मालिका आणि माहितीपट यांच्या पडद्याखाली येणाऱ्या ओळी, म्हणजे उपशीर्षके (सबटायटल्स), लिहिणारे भाषांतरकार घरी बसून, एकेकटे काम करतात आणि त्यांच्या बहुतेक अडचणी या एकेकटेपणातून येतात. निर्माता किंवा ओटीटी कंपनी काम एका मोठ्या एजन्सीला देते, ती ते दुसऱ्या लहान एजन्सीकडे सोपवते आणि तिथून ते मिनिटाच्या दराने पुण्यातल्या, नाशिकातल्या किंवा कोल्हापुरातल्या कोणाच्या तरी संगणकावर येते. दर चित्रपटाच्या लांबीवर ठरत असल्यामुळे न्यायालयातल्या जुगलबंदीचे मिनिट आणि पावसाच्या दृश्याचे मिनिट यांना मोबदला सारखाच मिळतो. संवाद ऐकून लिहून काढणे, प्रत्येक ओळ कोणत्या क्षणी यावी व कधी जावी हे ठरवणे, दोन ओळींत आणि चार-पाच सेकंदांत वाचता येईल इतके ते आटवणे आणि शेवटी सारे पुन्हा तपासणे, ही चारही कामे बहुधा त्याच एका दरात धरलेली असतात. पैसे मात्र वरच्या प्रत्येक कडीचे येणे झाल्यावर, म्हणजे कित्येकदा चित्रपट प्रदर्शित होऊन उतरल्यानंतर हाती पडतात.

यावर संघटना काढा, असे सुचवले जाते. संघटना हवीच, पण तिला एक मर्यादा आहे. स्वतंत्र व्यावसायिकांनी एकत्र येऊन किमान दर जाहीर केला, तर २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली ती संगनमताने केलेली दरनिश्चिती ठरू शकते. हिंदी चित्रपटसृष्टीतील कामगार संघटनांनी लादलेल्या, सदस्यांनाच काम देण्यासारख्या अटींविरुद्ध स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये आदेश दिला, तो चित्रपट व्यवसायातल्या लोकांना आठवत असेल. सहकारी संस्थेची गोष्ट वेगळी आहे. ती स्वतः एक व्यवसाय असते, त्यामुळे ती ग्राहकाला आपला एक दर सांगते आणि मिळालेले पैसे सभासदांमध्ये कामाप्रमाणे वाटते. म्हणून उपशीर्षककारांनी स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था काढावी आणि राज्य शासनाने तिला अनुदान न देता काम द्यावे, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा व्यक्ती एकत्र आल्या की नोंदणीचा अर्ज करता येतो. भाग कितीही घेतले तरी सभासदाला मत एकच असते, लाभांशावर पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे आणि निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. म्हणजे भांडवल गुंतवून बसून खाण्याला या रचनेत फारसा वाव नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-प ने सभासदांच्या श्रमाचा सामूहिक विनियोग करणाऱ्या, म्हणजे त्यांचे श्रम एकत्रितपणे पुरवणाऱ्या संस्थांना त्या उत्पन्नावर पूर्ण वजावट दिली, आणि तिला जोडलेली अट मला वजावटीहून मोलाची वाटते: मतदानाचा हक्क प्रत्यक्ष श्रम करणाऱ्या व्यक्तींपुरता, आणि त्यांच्याखेरीज फक्त पतपुरवठा करणाऱ्या सहकारी संस्था व राज्य शासन यांच्यापुरता मर्यादित असला पाहिजे. आपल्याकडे सहकार म्हटले की साखर कारखाना, जिल्हा बँक आणि एकाच घराण्यातले अध्यक्ष डोळ्यांपुढे येतात, ते काही उगाच नाही. जो ओळ लिहीत नाही त्याला मत नाही, हा नियम संस्थेच्या उपविधीत पहिल्या दिवसापासून असावा. निर्माते, स्टुडिओचे मालक किंवा हितचिंतक राजकारणी यांनी सभासद न होता ग्राहक व्हावे.

अशी संस्था टिकेल का, ही शंका रास्त आहे. केरळात समाजसुधारक वाग्भटानंद गुरूंच्या प्रेरणेने १९२५ मध्ये मजुरांनी उभी केलेली उरालुंगल मजूर सहकारी संस्था आज रस्ते आणि पूल बांधते, शिवाय कोळिकोडला तिचे माहिती तंत्रज्ञान संकुल आहे. कॉफी बोर्डाने १९५० च्या दशकात आपली कॉफीगृहे बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने तिथल्या कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. पुण्यातली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची संस्था तर आपल्या दारात रोज येते. या तिन्ही ठिकाणी कौशल्य कामगारांकडे आधीपासून होते. रस्त्याचे कंत्राट, चालू कॉफीगृहे किंवा महापालिकेचा करार अशा रूपाने नियमित काम मिळाल्यावर संस्था उभ्या राहिल्या.

संस्थेचा आणखी एक उपयोग वसुलीत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ खाली नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करावे लागते. न केल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. सहकारी संस्थाही या कायद्याखाली नोंदणी करू शकते. एकटा भाषांतरकारही करू शकतो, हे खरे. पण पुढचे काम हातचे जाईल या भीतीने तो व्याजाचे नाव काढत नाही. चाळीस जणांच्या संस्थेची नोटीस टाळणे अवघड जाते.

यंत्राने केलेल्या भाषांतराचा प्रश्नही इथेच येतो. नेटफ्लिक्सवरील एका गाजलेल्या कोरियन मालिकेची स्पॅनिश उपशीर्षके यांत्रिक भाषांतरावर माणसाकडून हात फिरवून केली गेल्याबद्दल स्पेनमधील दृक्-श्राव्य भाषांतरकारांच्या संघटनेने २०२१ मध्ये जाहीर निषेध केला होता. आता मराठीतही 'फक्त तपासून द्या' असे सांगून निम्म्या दरात कामे येतात, आणि वऱ्हाडी किंवा मालवणी संवाद असले की तपासणीला नव्याने लिहिण्याहून जास्त वेळ लागतो. यंत्र वापरू नये असे माझे म्हणणे नाही. ते कुठे वापरायचे आणि त्याने वाचलेल्या वेळाचे पैसे कोणाला मिळायचे, हे काम करणाऱ्यांनी ठरवावे, आणि ते मालकी असल्याशिवाय होणार नाही.

मागणी वाढते आहे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये श्रवण व दृष्टिबाधित प्रेक्षकांसाठी चित्रपटगृहांतील सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांसाठी पाठवल्या जाणाऱ्या कथापटांना जानेवारी २०२५ पासून बंदिस्त मथळे (क्लोज्ड कॅप्शन, म्हणजे संवाद व आवाज लिहून दाखवणाऱ्या, हव्या तेव्हा सुरू करता येणाऱ्या ओळी) व श्राव्य वर्णन (दृश्यात काय घडते ते आवाजात सांगणे) आवश्यक केले. व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ आणि २०२० मध्ये मराठी चित्रपटांना पुरस्कार मिळाले, तेही परीक्षकांनी उपशीर्षकांतूनच पाहिले होते.

राज्य शासनाकडे माझ्या मागण्या तीन आहेत. सार्वजनिक बांधकामाची काही कामे मजूर सहकारी संस्थांसाठी राखीव ठेवण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. लेखणी आणि संगणक घेऊन केलेले श्रमही त्याच दृष्टीने पाहावेत आणि शासनाचे माहितीपट, ध्वनिचित्रफिती व जुन्या मराठी चित्रपटांची उपशीर्षके यांचे काम अशा नोंदणीकृत संस्थांना प्राधान्याने द्यावे. दुसरे, मराठी चित्रपटांना अनुदान देताना खर्चाच्या पत्रकात उपशीर्षकांची बाब स्वतंत्र दाखवायला लावावी, म्हणजे ती शिल्लक राहिलेल्या पैशांतून उरकली जाणार नाही. तिसरे, अनुदानित चित्रपटाच्या श्रेयनामावलीत उपशीर्षककाराचे नाव असणे ही अट घालावी. तिला शासनाचा एक पैसाही लागत नाही.

आपला विश्वासू,
एक उपशीर्षककार, पुणे