इसाराचं तिला अजून सांगितलेलं नाही

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार.

चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही, तू फोन केलास तर उचलला नाही. कारण तुला माहीत आहे. आज कागदावर लिहून फोटो पाठवतोय, कारण भिंती लाकडाच्या आणि पातळ आहेत, लेक पलीकडेच झोपलीय. इथे रात्रीचे दहा वाजलेत, म्हणजे तुझ्याकडे उद्याची दुपार, दीड. तू जेवून खाटेवर आडवा झाला असशील. तब्येत बरी आहे, गुडघा ठीक.

मी हवाईच्या मोठ्या बेटावर आहे, पाहोआ गावाच्या जवळ. नोकरी सोडून लेक ज्या वस्तीत राहायला आली, ती ही. वीसेक माणसं, एकच स्वयंपाकघर, कामाच्या पाळ्या. मी पाहुणा, मला कोणी काम सांगत नाही, पण हात बांधून बसवत नाही रे.

पाऊस म्हणशील तर विचारू नकोस. आपल्याकडे वर्षाला 700 मिलिमीटर झाला तरी पोळ्याला बैल नाचवतो आपण. इथे 3,000 च्या वर पडतो. तरी नळ नाही. पत्र्यावरचं पाणी पन्हाळीतून गोल टाकीत, तिथून गाळण्यांतून प्यायला. एवढ्या पावसात हे लोक तोंड धुताना तोटी बंद करतात. पहिल्या दिवशी मी चालूच ठेवली, तर शेजारच्या बाईने हसत येऊन बंद केली. वीज सोलरची, चटणी वाटायची तर ऊन पडायची वाट बघायची. रात्रभर एक इवलासा बेडूक ‘को-की, को-की’ ओरडतो. हा इथला नाही, पोर्टो रिकोहून रोपांच्या कुंड्यांतून आला आणि बेटभर पसरला. पहिल्या रात्री मला वाटलं, तुझी ती जुनी लूना सुरू होत नाहीये.

अळू मात्र इथलाच म्हणायचा. शेकडो वर्षांपूर्वी लोक होड्यांतून आले तेव्हा अळू, केळी, ऊस, हळदसुद्धा बरोबर घेऊन आले. हळदीला ‘ओलेना’ म्हणतात. पालेभाजी धुणं हे इथलं सगळ्यात जोखमीचं काम. उंदरांतला एक जंत गोगलगायींतून पानावर येतो आणि माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. म्हणून एकेक पान उजेडात धरायचं, उलटं करायचं, देठाच्या खाचेत बोट फिरवायचं. सकाळी मी आणि लेक समोरासमोर बसून हेच करतो. लहानपणी ती अशीच मळ्यात गवार खुडायला बसायची माझ्यासमोर.

आता मूळ गोष्ट.

परवा तिने मला तिची केळी दाखवली. जमीन म्हणजे काळा खडक, ज्वालामुखीचा, पहार मारली तर ठिणगी उडेल असा. 2018 मध्ये याच भागात लाव्हाने सातशेच्या आसपास घरं गिळली. त्या खडकावर ही पोरं खोक्यांचा पुठ्ठा अंथरतात, त्यावर पाला, कोंबड्यांचं खत, केळीचे चिरलेले खांब, नारळाची सोडणं. असं थरावर थर. तिने एका झाडाशी हात घातला आणि मूठ माझ्यापुढे उघडली. ओली, काळी माती, त्यात एक गांडूळ. म्हणाली, “बाबा, ही तीन वर्षांची कमाई.” झाड नुकतंच निसवलं होतं, घड बाहेर पडला होता. मग विचारते, “आपल्या मळ्यात माती किती खोल आहे हो?”

गड्या, विहीर खणली तेव्हा तूच खाली उतरला होतास. बारा हात नुसती काळी निघाली होती. मी तिला “बारा हात” म्हणालो आणि पुढे बोलता येईना. कारण ती म्हणाली, “मग मी परत येते. आजोबांच्या मळ्यात करते हे सगळं.”

आणि तो मळा विकायचा ठरवून, त्याचा इसार घेऊन मी इथे आलोय.

त्या दिवशी साक्षीदार म्हणून सही करताना तू पेन खाली ठेवलंस आणि म्हणालास, “एकदा पोरीला विचार, भो.” मी काय म्हणालो? “तुझ्या बापाचं शेत नाही.” चार माणसांसमोर. तरी तू सही केलीस, चहा न पिता गेलास. पाटाच्या पाण्यावरून आपण कितीदा भांडलो, रात्रीच्या लाइटच्या पाळीत तू माझं बारं फोडून पाणी तुझ्याकडे वळवलंस म्हणून मी दिवाळीभर बोललो नाही, पण तेव्हा मला असं खाली बघायची वेळ आली नव्हती. माझं चुकलं.

वकिलांनी सांगितलं होतं की शेत वडिलोपार्जित आहे, 2005 च्या कायद्याने लेकीचा मुलाइतकाच हिस्सा, खरेदीखताला तिची सही लागेल. “नंतर घेऊ” म्हणालो मीच. नंतर म्हणजे काय, तर कागद पुढे करू, ती परदेशात, तिला काय करायचंय शेत.

पण तूच सांग, तिला ये म्हणू का? माती बारा हात आहे, पाणी कुठाय? बोअर सातशे फुटांवर नेला, तरी चार तासांत तुटतं. सीएमव्ही, केळीवरचा तो व्हायरस, आला म्हणून उपटलेला बाग आपण बांधावर जाळला, तो धूर तू विसरला नसशील. वैशाखात वादळ आलं की निसवलेली केळी पाच मिनिटांत आडवी. ती म्हणते नुसती केळी कशाला, मिसळून लावू, पाला झाकू, पावसाचं पाणी विहिरीत सोडू. असंच बोलून कितीजण कर्जात गेले ते आपण पाहिलंय. आणि असंही वाटतं की मी कधी पाला झाकून बघितलाच नाही, पाचट पेटवत गेलो.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकट्याचं दुकान कसं चाललंय? बामणोदच्या वांग्यांचं बी थोडं बाजूला काढून ठेव. इथल्या वांग्यांचं भरीत केलं मी, सगळ्यांनी खाल्लं, पण पेरूची ओली लाकडं, नुसता धूर. कपाशीच्या काड्यांची चव आली नाही.

इसाराचे पैसे बँकेत तसेच आहेत. मी फिरलो तर दुप्पट द्यायचे, असं पावतीत आहे. देईन. पण घेणाऱ्याने हट्ट धरला तर तो कोर्टात जाईल. तू एकदा त्याच्याकडे जाऊन ये, माझ्यासाठी नको, पोरीसाठी. तुझा शब्द तो मोडत नाही.

तुझं उत्तर आल्यावर तिला सांगायचं असं ठरवून लिहायला बसलो होतो. आता वाटतं, नको. उद्या सकाळी पानं धुवायची पाळी आमची दोघांची आहे, तेव्हाच सांगतो. ती काय म्हणाली ते रात्री लिहीन. तुझ्याकडची पावतीची झेरॉक्स शोधून ठेव.

तुझा,
मळ्याशेजारचा