मेथीची जुडी आणि ९८ टक्के

संपादक महोदय,

सीईटीचे कॅप राउंड, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेशफेऱ्या, सुरू झाल्या की आमच्या सोसायटीत माझा भाव वधारतो. एकोणतीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं, त्यामुळे लिफ्टमध्येच विचारणा होते, ‘‘बाई, मुलाला एआयला घालू ना?’’ यंदा मी उलट विचारायला लागले आहे, की त्या कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या कुणाचं जर्नल पाहिलंत का? मी पाहिलं, म्हणून हे पत्र.

आमच्या चौथ्या मजल्यावरची मुलगी नवी मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात ‘एआय अँड डेटा सायन्स’ शिकते. सबमिशनच्या आदल्या रात्री वीज गेली, आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, म्हणून जर्नल घेऊन आली. उद्देश (एम), थिअरी, कोड, आउटपुट, सगळं सुवाच्य अक्षरात आणि मैत्रिणीच्या जर्नलवरून उतरवलेलं. ‘बॅकप्रोपगेशन’ (चुकीवरून वेट, म्हणजे इनपुटला गुणायचे आकडे, सुधारायची रीत) या प्रयोगाखाली कन्क्लूजन एका ओळीचं : अभ्यास केला. मी म्हटलं, ‘‘अगं, पण यात वेट बदलतं कसं?’’ ‘‘काकू, ते लायब्ररीच करते, तयार कोड असतो.’’

पाठकोरा कागद घेतला. एकच न्यूरॉन (जाळ्यातला एक गणिती ठिपका), एकच वेट. इनपुट २, वेट ०.५, म्हणजे उत्तर १. हवं होतं ३. उत्तरातल्या फरकाच्या वर्गाचं (स्क्वेअरचं) निम्मं हा दंड धरला, तर वेटच्या बाजूने त्याचा उतार येतो उणे ४. लर्निंग रेट (एका वेळी वेट किती बदलायचं ते) ०.१ ठेवला की वेट होतं ०.९ आणि उत्तर १.८. पुन्हा केलं, २.२८. ‘‘अय्या, जवळ येतंय!’’ मग मुद्दाम लर्निंग रेट १ घ्यायला लावला. उत्तर ९, त्यापुढे उणे १५. तिला हसू आवरेना. तिच्या स्क्रीनवर मधूनच आकड्यांच्या जागी ‘नॅन’ (‘हा आकडाच नाही’) का उमटायचं, ते त्या कागदावर कळलं. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांचा १९८६ चा ‘नेचर’मधला बॅकप्रोपगेशनवरचा निबंध ज्यावर उभा आहे तो साखळी नियम (चेन रूल) मी वर्षानुवर्षं बारावीच्या फळ्यावर लिहीत आले. त्याने यंत्र शिकतं, हे मात्र मलाही निवृत्तीनंतरच समजलं.

मुलांकडून हे करून का घेत नाहीत, तर कॉलेजचं म्हणणं, मशीन कमी आहेत. खरं आहे, लॅबमध्ये तिघांत एक पीसी. पोरं ज्या ट्रान्स-हार्बर लोकलने जातात त्याच पट्ट्यात, ऐरोली-रबाळे-महापेला, मोठमोठी डेटा सेंटरं उभी आहेत, तो भाग वेगळा. पण २०१२ मध्ये टोरांटोच्या तिघांनी इमेजनेटची, म्हणजे फोटोतली वस्तू ओळखायची, स्पर्धा ज्या नेटवर्कने जिंकली, ते गेम खेळायच्या दोन ग्राफिक्स कार्डांवर पाच-सहा दिवसांत ट्रेन झालं होतं. पालेभाजी ओळखायला तेवढंही लागत नाही.

पालेभाजी म्हणजे त्यांचा मिनी प्रोजेक्ट. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर. चौघींनी जांभळी नाक्याच्या बाजारात फोटो काढले आणि अ‍ॅक्युरसी आली ९८ टक्के, म्हणजे शंभरात ९८ उत्तरं बरोबर. मला शंका आली. एवढे मार्क माझ्या वर्गात पडले असते तर मी आधी बाकाखाली पाहिलं असतं. विचारल्यावर निघालं ते असं : एकेका जुडीचे दहा-दहा फोटो, आणि सगळे पिसून त्यातलेच काही टेस्टिंगला काढलेले. म्हणजे जी जुडी शिकवली तीच परीक्षेत. पेपर फुटलेलाच होता, फक्त फोडला कुणी नव्हता. वर मेथीचे सगळे फोटो एकाच भाजीवालीकडचे, तिच्या निळ्या प्लॅस्टिकवरचे. माझ्या ओट्यावरच्या मेथीचा फोटो काढून दाखवला, तर मॉडेल म्हणालं पालक. ते बिचारं निळं प्लॅस्टिक शिकलं होतं.

पोरी हट्टी निघाल्या. जुडीवार वाटणी केली, म्हणजे एका जुडीचे सगळे फोटो एक तर शिकवायला, नाही तर परीक्षेला; दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजारातून नवे फोटो आणले, चारही भाज्या वेगवेगळ्या कापडांवर ठेवल्या. अ‍ॅक्युरसी ७१. चार भाज्यांत डोळे मिटून सांगितलं तरी २५ टक्के बरोबर येतं, तेव्हा ७१ मला तरी वाईट वाटले नाहीत. व्हायवाला एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) म्हणाले, ‘‘शेजारच्या ग्रुपचं ९७ आहे, तुमचं एवढं कमी कसं?’’ हिने जुडीचं सांगायला सुरुवात केली, तोवर त्यांनी पान उलटलं होतं. २५ पैकी १५. शेजारच्या ग्रुपने फोटो कसे वाटले होते, हे कुणी विचारलंच नाही.

माझं मागणं फार नाही. एक प्रॅक्टिकल कॉम्प्युटर बंद ठेवून, कागदावर घ्या. प्रोजेक्टच्या मार्कांत टेस्टिंगचा डेटा कुठून आणला, याला पाच मार्क ठेवा आणि ते विचारल्याशिवाय अ‍ॅक्युरसीचा आकडा वहीत लिहू नका. पालकांनीही कॅम्पस बघायला जाल तेव्हा एसी आणि ऑडिटोरियम पाहून झालं की एम-थ्री, एम-फोर (गणिताचे तिसरा-चौथा पेपर) कोण शिकवतं ते विचारून घ्या. आमच्या हिच्या वर्गाला एम-फोरला सेमिस्टर अर्धं होईपर्यंत शिक्षकच नव्हते. निम्म्या वर्गाला केटी लागली (म्हणजे तो विषय राहिला), तिलाही. नोव्हेंबरात पुन्हा बसायचं आहे, म्हणून आता रविवारी सकाळी ती आणि तिच्या दोघी मैत्रिणी माझ्याकडे येतात.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, नौपाडा, ठाणे (प.)