रस्ते मोकळे, फुटपाथ बर्फाखाली

महोदय,

कालच्या पुरवणीतला कॅनडाच्या हिवाळ्यावरचा लेख वाचला आणि राहवेना म्हणून लिहिते आहे. रात्रभर बर्फ पडला तरी सकाळी तिथले शहर सुरळीत चालते, आपल्या पालिकांनी हे शिकावे, असे लेखकाचे म्हणणे आहे. लेखक गाडीतून फिरले असणार. मी बरीच वर्षे ओंटारियोत राहते, गाडी चालवत नाही, बसने कामाला जाते. मला दिसणारे शहर वेगळे आहे.

रस्त्यांचे कौतुक मला मान्य आहे. रात्रीच प्लाऊ, म्हणजे बर्फ लोटणाऱ्या गाड्या, फिरतात, बर्फ वितळवायला मीठ पडते, उजाडेपर्यंत काळे डांबर दिसू लागते. पण तो बर्फ गेला कुठे, हे लेखकाने पाहिलेच नाही. प्लाऊ तो कडेला लोटतो. कडेला म्हणजे फुटपाथवर, चौकाच्या कोपऱ्यावर आणि बसस्टॉपसमोर. दुपारच्या उन्हात तो थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि दोन दिवसांत असा दगड होतो की फावड्यालाही दाद देत नाही. कडाक्याच्या थंडीत, पारा उणे दहाच्या बराच खाली गेला की, साध्या मिठाचाही फारसा उपयोग होत नाही.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते. बस वेळेवर आली, पण बस आणि आमच्यामध्ये गुडघाभर उंचीचा बर्फाचा बांध! ड्रायव्हरने दार उघडले, पाय ठेवायला जागा कुठेच नव्हती. मी आधी पलीकडे गेले, त्यांना हात दिला. त्यांचा पाय सरकला, दुसऱ्या हातावर सगळा भार आला आणि मनगट मोडले. जन्मभर शेताच्या बांधावरून चाललेली ही बाई. त्यानंतर भारतात परतेपर्यंत त्यांनी आपणहून घराबाहेर पाऊल टाकले नाही. खिडकीशी बसून राहायच्या आणि मला लवकर पाठव, एवढेच म्हणायच्या.

पालिकेच्या तक्रार क्रमांकावर फोन केला. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितले की काम निकषानुसार झाले आहे. मग मी तो निकष शोधून वाचला आणि माझा संताप दुप्पट झाला. ओंटारियो प्रांताच्या किमान देखभालीच्या नियमांत सगळ्यात वर्दळीच्या रस्त्यांसाठी बर्फाची मर्यादा 2.5 सेंटिमीटर आणि तो काढायची मुदत 4 तास आहे. फुटपाथसाठी मर्यादा 8 सेंटिमीटर, मुदत 48 तास, तीही बर्फ पडायचा थांबल्यापासून मोजायची. आणि मोकळी करायची रुंदी किती, तर किमान एक मीटर! आठ सेंटिमीटर बर्फातून मोटार सहज जाते. बाबागाडी जात नाही, व्हीलचेअर जात नाही, काठी टेकत चालणारा म्हातारा जात नाही. ज्याला बर्फ सर्वांत जास्त अडवतो, त्यालाच सर्वांत जास्त थांबायला लावणारा हा नियम आहे.

कोणी पडलेच तर? फुटपाथवरच्या बर्फामुळे झालेल्या इजेला पालिका जबाबदार नाही, घोर निष्काळजीपणा असेल तरच जबाबदार, असे प्रांताचा कायदा सांगतो. दावा करायचा तर अपघातापासून 10 दिवसांत पालिकेला लेखी कळवावे लागते. हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाने आधी कायद्याची कलमे शोधावीत, अशी ही अपेक्षा.

हे बदलता येत नाही असे मुळीच नाही. शेजारच्या क्वेबेक प्रांतात माँट्रियल शहराची पालिका फुटपाथवरचा बर्फ स्वतः काढते, त्यासाठी फुटपाथवर मावणारी छोटी यंत्रे आहेत, आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतर ढीग ट्रकांत भरून बर्फ टाकायच्या ठरलेल्या जागांवर नेले जातात. स्वीडनमधल्या कार्ल्सकोगा गावाने तर क्रमच उलटा केला. आधी पाळणाघरांकडे जाणारे रस्ते आणि पायवाटा, मोठे रस्ते नंतर. कारण तिथे कोणीतरी विचारले की सकाळी पायी कोण निघते आणि गाडीने कोण. उत्तर आले की पायी निघणाऱ्यांत बायका जास्त. आमच्या बसस्टॉपवरही रोज सकाळी तेच दिसते.

बागांतल्या पायवाटांचे तर विचारूच नका. नोव्हेंबर आला की अनेक ठिकाणी पाटी झळकते, हिवाळ्यात देखभाल नाही, स्वतःच्या जबाबदारीवर वापरा. आमच्या भागातली शाळकरी मुले याच वाटेने जातात, कारण दुसरा रस्ता मोठ्या हमरस्त्याला लागून आहे. वर्षातले चार-पाच महिने वाट बंदच ठेवायची होती, तर कर भरणाऱ्यांच्या पैशातून ती बांधलीत कशाला?

पुण्यात फुटपाथवर दुचाकी चढतात, इथे रस्त्यावरचा बर्फ चढतो. चालणाऱ्याने दोन्हीकडे जीव मुठीत धरून वाहनांमध्येच उतरायचे. तेव्हा आपल्या पालिकांनी इथून काही शिकावे असे सुचवण्याआधी, कृपया पुढच्या लेखात फुटपाथचे हे 48 तास जरूर छापा. पालिकांचे अभ्यासदौरे इकडे येणार असतील, तर ते जानेवारीत ठेवावेत आणि पाहुण्यांना बसने फिरवावे.

आपली,
एक वाचक, ओंटारियो (कॅनडा)