‘अ’ वर्गातलं आपलं घर

शिवाजी पार्क, दादर
रविवार, दुपार

प्रिय बयो,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा वाचताना रडू आलं, म्हणून उत्तर लांबलं. “आपली इमारत पाडून नवी बांधायच्या कागदावर तू सही केलीसच कशी?” या तुझ्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येईना. आज आई जेवून झोपली आहे, बाहेर मैदानावर नेटमध्ये पोरांची बॅटिंग चालू आहे, तर निवांत लिहिते.

तू म्हणतेस, तिकडे मॅनहॅटनमध्ये जाहिरातीत ‘प्री-वॉर’ एवढा शब्द असला की घराचा भाव चढतो. जाड भिंती, उंच छत, लाकडी जमीन, आणि लोक ते जिवापाड जपतात. आपली इमारतही १९३८ची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचीच. मुंबईत अशा घराला सरकारदरबारी निराळं नाव आहे. १ सप्टेंबर १९४०च्या आधी बांधलेली उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जादा कर लागू असलेली, इमारत म्हणजे ‘अ’ वर्ग. नेमकी हीच तारीख भाड्याच्या जुन्या कायद्यातही होती. त्या दिवशी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं, असं १९४७च्या कायद्याने धरलं. तुझ्या बाबांनी आणि माझ्या बाबांनी जन्मभर जवळपास तेवढंच भरलं. तुझ्या तिकडे बऱ्याच जुन्या इमारती रहिवाशांच्याच मालकीच्या असतात, त्यामुळे छपरावर खर्च केला तर तो आपल्याच घरावर होतो. इथे मालकाला त्या भाड्यात रंगही परवडेना, आणि घर आपलं नाही म्हणून भाडेकरूंनीही हात आखडता घेतला. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं असं चाललं. दोष कुणाला देऊ?

आजोबा गिरगावातल्या चाळीतून इथे आले, ते ‘ब्लॉकमध्ये राहायला गेले’ म्हणून नातेवाइकांत केवढी चर्चा! संडास घरातच, हे आजीच्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. मैदान लोकांसाठी खुलं झालं १९२५मध्ये. त्याचं ‘माहीम पार्क’ हे नाव दोन वर्षांनी अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने बदलून ‘शिवाजी पार्क’ झालं. आजोबा आले तेव्हा भोवतीचे कितीतरी प्लॉट रिकामे होते आणि रात्री समुद्राची गाज घरात ऐकू यायची. युद्धात ब्लॅकआउटसाठी तावदानांना काळा कागद लावला होता, त्याच्या खळीचे डाग मागच्या खोलीच्या खिडकीवर अजून आहेत. १४ एप्रिल १९४४ला गोदीत स्फोट झाला तेव्हा हीच तावदानं खडखडली, असं आजी सांगायची. एकही फुटलं नाही, हे ती दर वेळी अभिमानाने म्हणायची.

परवा साडेचारला मुद्दाम जिन्यात जाऊन बसले. ती उभी लांब खिडकी आठवते ना, लाल, पिवळ्या आणि हिरव्या काचांची? ऊन उतरायला लागलं की लाल चौकोन आधी भिंतीवर येतो, मग कठड्यावरून घसरत सातव्या पायरीवर पडतो. आपण तिथे पाय ठेवून ‘माझा पाय लाल, तुझा हिरवा’ खेळायचो. मोझाइकची ती पायरी मध्यभागी इतकी झिजली आहे की फरशी पुसल्यावर पाणी तिथेच साचतं. मी त्यात बोट बुडवून पाहिलं. कडेला काळे-पांढरे खडे अजून लख्ख आहेत, मधले मात्र गुळगुळीत होऊन पार फिकट पडलेत. कितीजण चढले-उतरले असतील त्या पायरीवरून, बयो. माझे बाबा शेवटचे गेले तेही तिथूनच.

अकरा फुटांचं छत, दाराच्या वरची झडप, समोरासमोरच्या खिडक्या. मे महिन्यातही आईने दुपारी पंखा लावलेला मला आठवत नाही. गॅलरीचा तो गोल वळलेला कोपरा बांधणाऱ्याला कुणी सांगितला नसेल, त्याने हौसेने केला असेल. तेव्हा आरसीसी, म्हणजे आत सळ्या घातलेलं काँक्रीट, नवीन होतं, लाकडी तुळयांवर जे जमत नव्हतं ते जमायला लागलं होतं. ते नवेपण त्या वळणात मला अजून दिसतं. ओव्हल मैदानासमोरच्या आणि मरीन ड्राइव्हच्या अशाच इमारतींना २०१८मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. आपल्या पार्कातल्या घरांचं घराणं तेच.

पण मागचा लोखंडी गोल जिना आठव. सफाईवाल्या बाईने पुढच्या जिन्याने यायचं नाही म्हणून तो बांधला होता. पावसात निसरड्या पायऱ्यांवरून ती बादली सांभाळत चढायची आणि आपण स्वयंपाकघरातून बघायचो. त्या घराला सुंदर म्हणताना मला तीही आठवते, आणि तुला आठवावी असं वाटतं. तो जिना जातोय याचं मला वाईट वाटत नाही.

आता सहीचं. समुद्राची खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते, आतल्या सळ्या गंजतात, गंज चढला की सळई फुगते आणि बाहेरचं काँक्रीट फोडते. वरून कितीही गिलावा करा, आतलं दुखणं जात नाही. दुरुस्तीच्या एका कंत्राटदाराने आमच्याकडून पैसे घेऊन भेगा नुसत्या सिमेंटने भरल्या आणि वर रंग मारला. पुढच्याच पावसाळ्यात हाताएवढा तुकडा ओट्यावर पडला, आई दोन मिनिटांपूर्वी तिथे कुकर उतरवत होती. आई ८१ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे दोन वर्षं ती खाली उतरलेली नाही. समोर मैदान, आणि ती कट्ट्यावर बसू शकत नाही. मी सही केली ती त्या रात्री.

आणि एक कबूल करते. २०१२मध्ये वारसा यादीचा मसुदा निघाला, त्यात आपला परिसरही होता, तेव्हा विरोध करणाऱ्यांत मीही होते. यादीत नाव आलं की विटेला हात लावता येणार नाही आणि दुरुस्तीला पैसाही कुणी देणार नाही, अशी भीती होती. पैशाची सोय आधी करा आणि मग यादी करा, असा आग्रह आम्ही धरायला हवा होता. आम्ही नुसतं नको म्हणालो. ते मला टोचतं.

नव्या इमारतीच्या नकाशाच्या बैठकीत मी दोनच गोष्टी मागितल्या: स्वयंपाकघराला समोरासमोर खिडक्या, आणि जिन्यातल्या रंगीत काचा उतरवून नव्या जिन्यात पश्चिमेलाच बसवायच्या. काचांना ते हो म्हणाले आहेत, लेखी घेतलं आहे. खिडक्यांचं भांडण चालू आहे आणि मी सोडणार नाही.

पावसाळा संपला की जागा रिकामी करायची आहे. तू त्याआधी ये. तुमच्या ब्लॉकची किल्ली नव्या भाडेकरूंनी माझ्याकडे ठेवली आहे, मागची खोली झाडून ठेवते. चारच्या आत पोचशील असं विमान बघ, साडेचारला आपल्याला जिन्यात बसायचं आहे.

तुझीच,
तिसऱ्या मजल्यावरची