गोल तिकडे झाला, फोन इकडेच राहिला

आदरणीय वीरजी,

सत श्री अकाल.

मनातलं सगळं मला हिंदीत सांगता येत नाही, म्हणून मराठीत लिहिते आहे. मुलगा तुम्हाला शेजारी बसून वाचून दाखवेल. पत्र बंद पाकिटात न घालता सगळ्यांना वाचता येईल असं ठेवते आहे. तुम्ही काय केलंत ते तुम्ही स्वतःहून कुणाला सांगणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग ते मीच सांगायला हवं.

गेल्या शनिवारपासून तीनदा लिहायला बसले. तिन्ही वेळा त्या गोलापाशी आले की घसा दाटून यायचा आणि कागद बाजूला ठेवायचे. आज मात्र पुरं करायचंच असं ठरवून बसले आहे.

तुमची माझी पहिली भेट आठवते? २०२२चा डिसेंबर. सुपर व्हिसावर, म्हणजे मुलांकडे राहायला येणाऱ्या आईवडिलांच्या व्हिसावर, आम्ही दोघं मुलाकडे कॅनडात कॅल्गरीला आलो होतो. बाहेर उणे अठ्ठावीस, आणि सांगलीहून आलेली मी, साडीवर दोन स्वेटर, त्यावर सुनेचा कोट, डोक्याला मफलर. नात बर्फावरच्या हॉकीत पहिल्यांदाच गोलकीपर म्हणून उतरणार होती. रिंकच्या, त्या बर्फाच्या मैदानाच्या, गार बाकावर मी आखडून बसले होते. शेजारचे सगळे आपापल्या गप्पांत. तुम्ही दोन बाकं ओलांडून आलात आणि म्हणालात, "भैणजी, यहाँ नहीं, उधर हीटर के नीचे बैठिये." बटण दाबून छतावरचा हीटर लावून दिलात, टिम हॉर्टन्सचा चहा आणलात. मग समोरच्या काचेवर वाफ धरली होती, तीवर बोटाने दोन रेघा ओढून ऑफसाइड समजावलंत. खेळाडू निळ्या रेषेच्या पलीकडे पकच्या, म्हणजे त्या रबरी चकतीच्या, आधी जाऊन उभा राहिला तर चालत नाही. एवढं एक कळलं आणि पुढचं सगळं दिसायला लागलं. तोवर मला नुसती पळापळ दिसत होती.

तुम्ही सांगितलं होतं की तुम्हाला स्वतःलाही हा खेळ असाच कुणीतरी समजावला. टॅक्सी चालवून रात्री घरी आल्यावर पंजाबी समालोचन ऐकायचात. कॅनडात २००८पासून हॉकीचे मोठे सामने पंजाबीत सांगायला लागले, आणि हरनारायण सिंग यांचा आवाज घराघरांतल्या आजीआजोबांपर्यंत पोचला. "त्यांनी आम्हाला नातवंडांच्या जवळ बसवलं," असं काहीसं तुम्ही म्हणाला होतात, अर्धं हिंदी अर्धं पंजाबी, आणि मी ते मनात मराठीत साठवलं. आपल्या भाषेत खेळ कळला की आजोबा सोफ्याच्या कडेवरून मधल्या जागेवर येतो, हे मी त्या घरांत पाहिलं आहे.

आमचे हे तर त्या हिवाळ्यात पुरते गुंतले. तरुणपणी खो-खो खेळलेला माणूस. हॉकीत तिघा-तिघांची फळी पाऊण मिनिटात दमून बाहेर येते आणि ताजी फळी आत जाते, हे पाहिल्यावर म्हणाले, "अगं, हे तर पळतीच्या गड्यांसारखंच, तिघांची तुकडी!" त्या दिवसापासून त्यांना कुणाला काही विचारावं लागलं नाही.

मग २०२४मध्ये यांची बायपास झाली. डॉक्टरांनी लांबचा प्रवास आणि तसली थंडी दोन्ही बंद केलं. नात तिकडे मोठी होते आहे, तेरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात आली, आणि आम्ही सांगलीत. सून शुक्रवारची रात्रपाळी करून शनिवारी सकाळी घरी येते. मुलगा संघाच्या बाकावर मदतनीस असतो, दार उघडायचं, पाण्याच्या बाटल्या बघायच्या. त्याला फोन हातात धरता येत नाही, धरूही नये.

म्हणून आम्ही पैसे भरले. रिंकमध्ये छताला कॅमेरा लावलेला असतो आणि घरबसल्या सामना बघता येतो, अशी एक सेवा आहे. वर्षाची वर्गणी एकदम घेतात. नाव लिहीत नाही. तो कॅमेरा आपोआप पकच्या मागे फिरतो. पण आमची नात गोलमध्ये उभी! पक तिच्याकडे आला तर ती दोन-तीन सेकंद दिसणार, तेही खेळाडूंच्या गर्दीत, आणि पक पलीकडे गेला की नात गायब. कितीतरी सामन्यांत आम्हाला ती मिळून दहा मिनिटंही दिसली नाही. त्यांना लिहिलं, तर उत्तर आलं की आमच्या बाजूने प्रक्षेपण सुरळीत आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, शब्दही तेच. माणसाने वाचलं असतं तर एका आजीला काय हवं आहे ते त्याला कळलं असतं.

आणि जवळचे म्हणावेत असे लोक! "अहो, स्कोअर कळला ना? मग झालं की." हे मी किती जणांकडून ऐकलं. स्कोअर मला काय करायचा आहे? ती पडल्यावर कशी उठते, गोल खाल्ल्यावर मान खाली घालते की नाही, पाण्याची बाटली उचलताना हात थरथरतो का, हे मला बघायचं असतं. हे मागणं फार मोठं आहे, असं मला आजही वाटत नाही.

मुलाने तुमच्याशी बोलता बोलता हे सांगितलं असावं. कारण पुढच्याच शनिवारी, इकडे संध्याकाळी पावणेआठला, मी देवापुढचा दिवा नीट करत होते आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल. तुमचा चेहरा नाही, थेट काचेपलीकडे आमची नात, गोलपोस्टना काठीने ठक-ठक करून जागा घेताना. इतक्या जवळून मी तिला कॅल्गरीत असतानाही पाहिलं नव्हतं. मागाहून कळलं की तुम्ही आधी संघाच्या बाईंना आणि बाकीच्या पालकांना विचारून घेतलं होतंत.

तेव्हापासून दर शनिवारी तुम्ही तिच्या गोलच्या मागे उभे. सामन्याचे तीन भाग, तीन पिरियड; दर पिरियडला संघ बाजू बदलतात, मग तुम्हीही त्या दुखऱ्या गुडघ्याने रिंकला वळसा घालून दुसऱ्या टोकाला. दोन टोकांमध्ये साठ मीटर अंतर, वर कोपऱ्यांचं वळण. मधल्या वेळेत बर्फ गुळगुळीत करणारी ती झांबोनी गाडी फिरते, ती यांना दाखवायला तुम्ही थांबता. यांनी विचारलं, "वाफ का येते?" तर तुम्ही समजावलंत की गरम पाणी टाकतात, त्याने वरचा थर जरा वितळतो आणि नवा थर त्याला घट्ट धरून गोठतो. दोन दिवस हे आल्यागेल्याला तेच सांगत होते.

आता गेल्या शनिवारचं.

दुसरा पिरियड होता. एक-एक बरोबरी. पक पलीकडच्या टोकाला गेला होता आणि आमच्या पडद्यावर नात एकटी, निळ्या अर्धगोलात, गुडघे वाकवून. खो मिळायची वाट बघत बसलेला गडी कसा सगळं अंग कानात आणून बसतो, तशी. तेवढ्यात तिकडून आरडाओरडा झाला. कुणीतरी बाकं बडवत होतं. आणि एक बाई त्याच संघातल्या तुमच्या नातीचं नाव घेऊन ओरडली. एकदा नाही, तीनदा.

वीरजी, फोन हलला नाही.

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. तुमच्या नातीने गोल केला होता. त्या मोसमातला तिचा पहिला, हे मुलाने रात्री सांगितलं. तुम्ही मान वळवली असतीत, फोन तिकडे फिरवला असतात, तर आम्हाला आनंदच झाला असता. कुठल्याही आजोबाने वळवला असता. मी असते तर मी वळवला असता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण तुमचा हात जागचा हलला नाही. फक्त तुमचा श्वास ऐकू आला, मोठा, आणि मग अगदी हळू, "वाहेगुरू."

आणि त्या न हललेल्या फोनमुळे आम्हाला जे दिसलं ते त्या रिंकमध्ये बसलेल्या कुणालाही दिसलं नसेल. सगळे पलीकडे बघत होते. पलीकडे पाच मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या असतील. इकडे आमची नात एकटीच. तिने दोन्ही हात वर केले, एका हातात काठी, दुसऱ्यात तो सुपाएवढा हातमोजा, आणि जागच्या जागी स्केटवर उड्या मारल्या. पॅड एकमेकांवर आपटत होते. मग वळून दोन्ही गोलपोस्टना आळीपाळीने काठीने थोपटलं, जणू त्याच तिच्या मैत्रिणी. गोलकीपरचा आनंद साठ मीटर लांब आणि एकटीचा असतो, हे मला त्या क्षणी कळलं. दुसऱ्याच्या यशाने एवढी नाचणारी पोर आपल्या घरात वाढते आहे, हेही त्याच क्षणी कळलं. हे मला कुठल्या स्कोअरमध्ये दिसलं असतं?

मग आमची नात काचेपाशी आली. मास्क वर करून, लाल झालेले गाल, तिने तुम्हाला ओरडून विचारलं, "बाबाजी, देखा? देखा आपने?"

तुम्ही म्हणालात, "हां पुत्तर, देखा."

तो गोल तुम्ही पाहिलाच नव्हता, वीरजी. तुमची नजर सगळा वेळ फोनच्या पडद्यावर होती, आमची नात चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून. ह्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. मला तर काही बोलताच आलं नाही, म्हणून त्या वेळी नुसते हात जोडले, ते तुम्हाला दिसले की नाही कोण जाणे.

तुम्ही एकदा सांगितलं होतं की तरुणपणी नांदेडला हुजूर साहिबला आला होतात आणि तिथे कुणा अनोळखी घरात तुम्हाला जेवायला बसवलं होतं. नामदेवांची ६१ पदं तुमच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. आमचे नामदेव तुमच्याकडे गेले आणि तुम्ही त्यांना परके मानलं नाहीत. आम्हालाही मानलं नाहीत. शाळेत तीस वर्षं मी मुलांना ‘परोपकार’ या विषयावर निबंध लिहायला सांगत आले. मुलं नदीचं लिहायची, झाडाचं लिहायची. आज शाळेत असते तर मी त्यांना एका न हललेल्या फोनबद्दल सांगितलं असतं. चांगुलपणा अजून शिल्लक आहे का, असं लोक हल्ली फार विचारतात. अहो, तो सकाळी सव्वासात वाजता, उण्या तापमानात गाडी चालवत रिंकवर येतो आणि कुणाला सांगतही नाही.

एक गोष्ट आणखी. सामना संपल्यावर तुम्ही कॅमेरा स्वतःकडे फिरवलात, "ठीक था, भैणजी?" विचारायला. तेव्हा पडद्यावर क्षणभर तुमचा उजवा हात आला. हातमोजा नव्हता. हातमोज्याने फोनचं बटण दाबलं जात नाही, म्हणून तासभर तुम्ही उघड्या हाताने उभे होतात. बोटांची टोकं बीटासारखी लाल झाली होती आणि अंगठा नीट वाकत नव्हता. ते चित्र काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता दोन कामाच्या गोष्टी लिहिते.

पहिली. त्या कॅमेऱ्याच्या सेवेची वर्गणी अजून चालू आहे. ह्यांनी रात्री जागून शनिवारचा सामना शोधून काढला. कॅमेरा पकच्या मागे होता, त्यामुळे तुमच्या नातीचा गोल त्यात अगदी स्वच्छ आला आहे. डावीकडून आली, एकीला हुलकावणी दिली, आणि गोलकीपरच्या खांद्यावरून, वरच्या कोपऱ्यात. ह्यांनी तेवढा तुकडा मुलाकडे पाठवला आहे. पत्र वाचून झालं की तो तुम्हाला दाखवेल. आधी तो गोल बघा, मग बाकीचं.

दुसरी. मुलाचा एक मित्र पुढच्या आठवड्यात तिकडे येतो आहे. त्याच्याबरोबर सांगलीचं भडंग आणि बेदाणे पाठवते आहे. आणि एक हातमोजा. एकच, उजव्या हाताचा. दुहेरी लोकरीचा विणला आहे, अंगठा आणि पहिलं बोट टोकाला उघडं ठेवून. माप त्या एका क्षणात पडद्यावर जेवढं दिसलं तेवढ्यावरून घेतलं आहे. मनगटाशी घट्ट वाटला तर मुलाला सांगा, ओढून वापरू नका. लोकर शिल्लक आहे, मी दुसरा विणेन.

तुमची बहीण,
सांगलीहून